आळस कशासाठी करतो आपण?

पानगळ

‘आळस सोडा’ असं सांगणाऱ्या लिखाणाचा तुटवडा नाही. पहाटे उठा, यादी करा, मोबाइल लांब ठेवा. वाचून दोन दिवस अंगात वारं शिरतं आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. त्या वाटेनं जायचं नाही म्हणून हा धागा.

मला पडलेला प्रश्न असा: आळसातून माणसाला नक्की मिळतं काय? ‘आराम’ हे उत्तर मला पटत नाही. आराम करणारा माणूस पडी टाकतो, त्याचा डोळा लागतो, ताजातवाना होऊन उठतो. काम टाळणारा आराम करतच नाही. तो टेबल आवरतो, जुने फोटो चाळतो, एरवी कधी आठवणही न झालेली एखादी फाइल शोधत बसतो. दोन तासांचं काम टाळायला आख्खी सुट्टी खर्ची पडते आणि रात्री तो काम करणाऱ्यापेक्षा जास्त दमलेला असतो. म्हणजे श्रम वाचवणं हा काही हेतू दिसत नाही. मग वाचतं काय?

माझ्या मते वाचते ती स्वतःबद्दलची समजूत. ‘मनात आणलं तर मी हे सहज करीन’ हे वाक्य मनात आणत नाही तोवरच सुरक्षित असतं. काम केलं की निकाल लागतो. न केलेल्या कामात मात्र नापास होता येत नाही. आळस ही त्या समजुतीची ढाल.

1978 साली स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना सुटणारी कोडी दिली, काहींना मुळात उत्तरच नसलेली. मग दोन्ही गटांना सांगितलं, शाब्बास, उत्तम केलंत. दुसऱ्या फेरीच्या आधी दोन औषधांपैकी एक निवडायला सांगितलं. एक डोकं तल्लख करतं आणि दुसरं मंद करतं, असं त्यांना भासवलं होतं. आपल्याला यश कशामुळे मिळालं याचा पत्ताच नव्हता अशांचा, विशेषतः त्यांतल्या पुरुषांचा, कल मंद करणाऱ्या औषधाकडे गेला. हरलो तर औषधामुळे, जिंकलो तर औषध घेऊनसुद्धा!

आपल्याला असं औषध कुणी देत नाही, म्हणून आपण शेवटची रात्र वापरतो. अभ्यास शेवटच्या रात्री केला की गुण कमी पडले तर वेळ नव्हता, आणि बरे पडले तर काय डोकं आहे बघा. दोन्हीकडून सुटका.

यशावर होणारा परिणाम मी इथे शोधतो. आळशी माणसाचे तास वाया जातात हे खरंच, पण तास भरून काढता येतात. स्वतःची खरी मापं त्याला कधी कळत नाहीत, हे नुकसान मोठं. कुठे जमतं, कुठे अडतं, किती वेळ लागतो, कुणाची मदत लागेल, हे केल्याशिवाय समजत नाही, आणि पुढचा प्रयत्न कसा करायचा ते याच माहितीवर ठरतं. दहा वर्षं चालढकल करणारा माणूस अकराव्या वर्षीही नवशिकाच असतो. त्याचं वय तेवढं वाढलेलं असतं.

अनुभव लिहा, विरोध करा, शिव्याही चालतील. फक्त सुविचार नकोत.

दुपारची झोप

छान धागा दिसतोय. उद्या वाचते. जागा राखून ठेवलीये.

सरळसोट

एवढी मीमांसा कशाला? आळस म्हणजे आळस. ज्याचं आयतं चालतंय तो करतो. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. उद्या आयतं मिळणं थांबवा, परवा सकाळी माणूस कामाला लागलेला दिसेल. प्रयोगशाळेत गोळ्या वाटून माणसं कळत नाहीत, पानगळ.

पानगळ

अहो सरळसोट, आयतं मिळत नसलेली आणि तरीही टाळणारी माणसं ढिगानं आहेत की. परीक्षा द्यायचीये, फी स्वतः भरलीये, नापास झालो तर स्वतःचंच नुकसान आहे, तरी पुस्तक उघडत नाही. त्यांचा हरी कोण?

कोडकिडा

‘ढाल’ ही कल्पना आवडली, पण मला वाटतं तुम्ही एक मजला गाळलात. मनाच्या खाली शरीर आहे आणि शरीर मुळातच काटकसरी आहे.

2015 मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांच्या पायांना यांत्रिक सांगाडे बांधले आणि गुडघ्यांवर असा अडथळा टाकला की नेहमीच्या लयीत चालणं महाग पडावं. काही मिनिटांत लोकांनी आयुष्यभराची चालण्याची लय बदलली. वाचत किती होतं? पाच टक्क्यांपेक्षाही कमी ऊर्जा. तेवढ्यासाठी मज्जासंस्थेनं गुपचूप नवा हिशोब मांडला, मालकाला न विचारता. अन्न मिळवायला दिवसभर भटकावं लागायचं त्या काळात विनाकारण धावणारा पूर्वज फार टिकला नसणार. त्यामुळे ‘मला हे करावंसं वाटत नाही’ ही भावना चारित्र्यातला दोष नाही. यंत्र कारखान्यातूनच असं येतं.

माझ्या धंद्यात तर तिला मान आहे. पर्ल ही संगणकभाषा बनवणाऱ्या लॅरी वॉलनं प्रोग्रॅमरचे तीन सद्गुण सांगितलेत: आळस, अधीरता आणि गर्व. तेच काम पुन्हा पुन्हा हातानं करायचा ज्याला कंटाळा येतो तोच ते आपोआप होईल अशी व्यवस्था करतो. आमच्या गटात सगळ्यात उपयोगी माणूस तोच, ज्याला महिनाअखेरचा तक्ता भरायचा मनस्वी कंटाळा होता. त्यानं दोन रात्री जागून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तो तक्ता आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातून हद्दपार केला.

आता यात खोच अशी की त्यानं दोन रात्री जागवल्या. आळस वाचवायला त्यानं कष्ट केले. आमच्यातले बाकीचे ‘हे आपोआप व्हायला हवं’ असं वर्षभर नुसतं म्हणत होते.

खडूफळा

शिक्षिका आहे, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

पानगळ म्हणतात ती ढाल मी वर्गात रोज बघते, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाच्या हातात असते. लहानपणापासून त्यानं ऐकलेलं असतं, ‘किती हुशार आहे गं, न अभ्यास करता पहिला येतो.’ यातले पुढचे तीन शब्द विषारी आहेत. न अभ्यास करता. एकदा ही ओळख चिकटली की अभ्यास करताना दिसणं हाच कमीपणा होतो. चौथी-पाचवीपर्यंत निभतं. पुढे गणित खरंच अवघड होतं तेव्हा त्याच्यापाशी बसण्याची सवय नसते आणि ‘मला समजलं नाही’ म्हणण्याचीही सोय राहिलेली नसते. मग तो आळशी होतो. ढ ठरण्यापेक्षा आळशी ठरलेलं बरं, हा त्याचा हिशोब त्याच्या जागी अगदी बरोबर असतो.

1998 मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिल्या सोप्या फेरीनंतर काहींना सांगितलं ‘तू हुशार आहेस’, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. नंतर मुद्दाम अवघड फेरी देऊन सगळ्यांना आपटवलं. त्यानंतर हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर सोडून देऊ लागली, त्यांना कोड्यांत मजा येईना, आणि पुन्हा सोपी फेरी दिल्यावर त्यांची कामगिरी आधीपेक्षाही घसरली. इतकंच काय, दुसऱ्या मुलांना आपले गुण कळवायचे होते तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले.

आळसाची दुसरी जात गटकामात दिसते. पाच जणांना एक प्रकल्प द्या, दोघं राबतात, एक मुखपृष्ठ रंगवतो, उरलेले दोघं सादरीकरणाच्या दिवशी भांग पाडून येतात. याला कामचुकारपणा म्हणून आपण मोकळे होतो, पण हे फार जुनं निरीक्षण आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं (1913 साली छापलं), आणि माणसं वाढतील तशी माणशी ओढ कमी होत गेली. 1979 मध्ये अमेरिकेत लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणं आणि ओरडणं यांवर तेच करून पाहिलं. डोळे बांधून, कानावर आवाज लावून. आपल्याबरोबर आणखी काही जण ओरडतायत एवढं नुसतं सांगितलं तरी एकटा माणूस हळू ओरडायचा. नंतर त्यांनी प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्यावर तो चोरटेपणा नाहीसा झाला.

म्हणून मी आता गटाला एक प्रकल्प देते, पण कोणतं पान कुणाचं ते वर लिहायला लावते. मुलं तीच आहेत.

सरळसोट

शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. नाव लिहायला लावलं की सगळे सरळ होतात. मी हेच म्हणत होतो.

खडूफळा

नाही हो, तुम्ही आयतं बंद करा म्हणत होतात. मी त्यांचं काम दिसेल अशी व्यवस्था केली. धाक आणि दखल यांत फरक आहे.

नाडीपरीक्षा

डॉक्टर या नात्यानं धाग्यात थोडा कडू डोस घालतो.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातले गरीब गोरे शेतकरी आळशी म्हणून देशभर बदनाम होते. निस्तेज, संथ, कामात लक्ष नाही, मुलं शाळेत पेंगतात. विनोदांचा विषयच होता तो. चार्ल्स स्टाइल्स नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला मात्र त्यांच्या पोटात अंकुशकृमी सापडले. अनवाणी पायांतून शरीरात शिरायचं, लहान आतड्याला चिकटायचं आणि रक्त पीत राहायचं, हा त्या कृमीचा उद्योग. त्यानं 1902 मध्ये हे जाहीर केलं तेव्हा वर्तमानपत्रांनी चेष्टा केली की, घ्या, आळसाचा जंतू सापडला! 1909 मध्ये उद्योगपती रॉकफेलरनं दहा लाख डॉलर देऊन यासाठी खास आयोग नेमला. 1914 पर्यंत अकरा राज्यांत तपासण्या झाल्या आणि तपासलेल्या मुलांपैकी सुमारे 40 टक्के मुलं बाधित निघाली. उपचार, शौचकूप आणि पायात बूट एवढ्यावर चित्र पालटायला लागलं. पुढे होयट ब्लीकली या अर्थतज्ज्ञानं 2007 मध्ये जुनी आकडेवारी तपासून दाखवलं की, जिथे प्रादुर्भाव जास्त होता तिथे मोहिमेनंतर मुलांची शाळेतली हजेरी आणि साक्षरता वाढली, आणि ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाईसुद्धा.

पिढ्यान्‌पिढ्या ज्याला स्वभाव म्हटलं तो रक्तक्षय होता.

आजही माझ्यासमोर ‘फार आळशी झालाय हो’ अशी तक्रार घेऊन घरचे लोक येतात, तेव्हा मी उपदेश नंतर आणि तपासणी आधी करतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर, आणि झोप. झोपेबद्दल मुद्दाम सांगतो. मोठ्यानं घोरणाऱ्या माणसाचा श्वास रात्रभर पुन्हा पुन्हा अडकत असेल तर आठ तास पडूनही त्याची झोप होत नाही, आणि दिवसा तो सगळ्यांच्या नजरेत ऐदी ठरतो. नैराश्य तर या सोंगात फारच सर्रास येतं. एकाग्रतेचे जन्मजात विकार मोठेपणीपर्यंत निदानाविना राहतात तेही याच शिक्क्याखाली.

कोडकिडा यांनी ऊर्जेचा हिशोब सांगितला. तो हिशोब करण्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा मोठा हात आहे. अमेरिकेत जॉन सॅलमोन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना दोन वाटा दिल्या. एकीकडे थोडं खाणं, सहज मिळणारं. दुसरीकडे जास्त खाणं, पण मध्ये चढून जावं लागेल असा अडसर. धडधाकट उंदीर चढून जायचे. मेंदूच्या ठरावीक भागातलं डोपामिन कमी केलेले उंदीर सोप्या वाटेनं जायचे. अडसर काढून टाकला की मात्र तेही जास्त खाण्याकडेच वळायचे. म्हणजे हवं काय हे त्यांना कळत होतं, हवंसं वाटतही होतं. चढण तेवढी परवडत नव्हती.

सरळसोट

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून सांगतो, आता जो तो थायरॉइडचं नाव सांगून लोळत पडणार. फरक कसा ओळखायचा?

नाडीपरीक्षा

रास्त प्रश्न. रक्त तपासून बरेचसे प्रश्न एका आठवड्यात निकालात निघतात, तेव्हा नाव सांगून लोळणाऱ्याला फार काळ लोळता येणार नाही.

घरच्या घरी बघायचं तर मी एकच विचारतो, आवडीचं काम जमतंय का? हिशोबाची वही उघडायला जीव जातो पण मित्राचा फोन आला की ताडकन उठतो, तर तो तुमच्या धाग्याचा विषय. मित्राचा फोनही नकोसा झालाय, आवडती गोष्टसुद्धा ओझं वाटतेय, आणि हे काही आठवडे चाललंय, तर तो माझा विषय. पूर्वी असा नव्हता आणि आता झाला, हेही लक्षात घ्यायचं. स्वभाव असा अचानक बदलत नाही.

अर्धविराम

डॉक्टर, पतंजलीनं तुमची बाजू आधीच घेतलीये. योगसूत्रांत चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, दिलेत. पहिला व्याधी, तिसरा संशय आणि आलस्य पाचवं. आधी आजार बघा, मग शंका बघा आणि मग आळसाला बोल लावा, असा क्रम मी त्यात वाचतो. (क्रमाला एवढा अर्थ आहे का, ते जाणकारांनी सांगावं. मला सोयीचा वाटला म्हणून घेतला.)

माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. इथे सगळे ‘यश’ म्हणतायत ते कुणाचं? दिवसभर राबून आलेला माणूस संध्याकाळी नवीन कौशल्य शिकत नाही म्हणून तो आळशी? अंकुशकृमीची गोष्ट पुन्हा वाचा. ज्यांना आळशी म्हटलं गेलं ते गरीब होते आणि म्हणणारे खाऊनपिऊन सुखी होते. हा आरोप जवळजवळ नेहमी वरून खाली होतो. मालक दुपारी झोपला तर ती वामकुक्षी आणि नोकर झोपला तर मुजोरी.

प्रयत्न करून काही हाती लागतं हे ज्यानं कधी पाहिलंच नाही त्यानं प्रयत्न का करावा? सेलिगमन आणि मायर यांचे 1967 चे कुत्र्यांवरचे प्रयोग बऱ्याच जणांना ठाऊक असतील. काहीही केलं तरी विजेचा धक्का थांबत नाही असा अनुभव घेतलेले कुत्रे नंतर सुटकेची वाट उघडी असतानाही निपचित पडून राहिले. त्यावरून शिकलेली असहायता ही कल्पना आली. कमी लोकांना ठाऊक असलेला भाग असा की जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे ती उलटी करून मांडली. दीर्घ त्रासात निपचित पडणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ हे.

तेव्हा ‘प्रयत्न कर’ असं ओरडण्याआधी त्या माणसाच्या प्रयत्नानं निदान एकदा तरी काही हललंय का, हे बघावं.

पानगळ

अर्धविराम, मुजोरीचा मुद्दा मान्य, आणि 2016 चा भाग मला नवीन आहे. पण तो माझ्या म्हणण्याला जोडूनच येतो असं वाटतं. ‘माझ्या करण्यानं फरक पडतो’ ही माहिती केल्यावरच मिळते. एकाला ती परिस्थिती मिळू देत नाही आणि दुसरा स्वतःच टाळतो.

दुपारची झोप

आले. सगळं वाचलं. (टाळ्या चालतील.)

मी ढालवाली नाही बहुतेक. मी आरंभशूर आहे. वही नवी, पेन नवं, पहिला आठवडा देदीप्यमान. मग एक दिवस पाहुणे येतात किंवा सर्दी होते, खाडा पडतो, आणि मग ‘आता पुढच्या एक तारखेपासून’. 21 दिवस टिकलं की सवय लागते म्हणतात, माझं कधी एकविसाव्यापर्यंत पोचलंच नाही. त्यानंतर खरंच आपोआप होतं का, कुणी पोचलंय का?

रोज थोडं

ताई, तो 21 चा आकडा आधी डोक्यातून काढा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं 1960 च्या एका पुस्तकात लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला किमान साधारण 21 दिवस लागतात. चेहऱ्याची सवय होणं ती! पुढे ‘किमान’ गळलं, ‘साधारण’ गळलं, आणि व्यायामापासून वाचनापर्यंत सगळ्याला तोच आकडा चिकटला.

प्रत्यक्ष मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. 96 लोक, प्रत्येकानं एक छोटी गोष्ट रोज ठरलेल्या वेळेला किंवा ठरलेल्या कामानंतर करायची, बारा आठवडे. विचार न करता घडायला लागेपर्यंतचा मधला आकडा निघाला 66 दिवस. पण त्यात 18 पासून 254 पर्यंतची माणसं होती (254 हा आलेख पुढे ताणून काढलेला अंदाज, अभ्यास तेवढा चाललाच नव्हता). पाण्याचा ग्लास लवकर अंगवळणी पडतो, व्यायाम उशिरा.

तुमच्या कामाचा निष्कर्ष पुढे आहे. मध्ये एखादा खाडा पडला तर सवय लागण्याच्या वेगावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. खाडा निरुपद्रवी असतो. घात करते ती एक तारीख. सहा तारखेला खाडा पडला आणि सातला पुन्हा केलं तर काही बिघडलं नाही. सहाला खाडा पडला म्हणून पुढच्या एकपर्यंत थांबलात तर ते तीन-साडेतीन आठवडे तुम्ही स्वतः दान केलेत. नव्या सुरुवातीचा मोह फार गोड असतो, कारण सुरुवातीच्या दिवशी कौतुक आपलंच आपण करून घेतो आणि काम अजून काहीच झालेलं नसतं.

मी वाद्य शिकते. माझ्या गुरूंनी पहिल्या वर्षी एकच अट घातली होती, वाद्य खोळीतून रोज काढायचं. वाजवलं नाही तरी चालेल, पण काढून, सुरात लावून परत ठेवायचं. सुरात लावलेलं वाद्य न वाजवता परत ठेवणं किती अवघड असतं ते करून बघा.

आणि ज्यांना वाटतं की सवयीची माणसं वेगळ्या मातीची असतात त्यांच्यासाठी अँथनी ट्रोलपचा किस्सा. टपालखात्यातली नोकरी सांभाळून या इंग्रज लेखकानं 47 कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला 250 शब्द. पण उठायचा कसा? त्यानं आपल्या म्हाताऱ्या नोकराला कॉफी घेऊन उठवायला यायचे वर्षाला 5 पौंड जादा दिले होते, आणि आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की माझ्या यशाचं देणं इतर कुणापेक्षा त्या माणसाला जास्त लागतं. स्वतःच्या इच्छाशक्तीवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. तिच्या जागी त्यानं माणूस भाड्यानं घेतला.

दुपारची झोप

एक तारखेचं वर्मी लागलं. आज एकोणीस आहे. आत्ता उठते.

कोडकिडा

इच्छाशक्तीवरून आठवलं. 1998 मध्ये रॉय बाउमायस्टर यांचा मुळ्यांचा प्रयोग गाजला होता. समोर ताजी बिस्किटं ठेवून ज्यांना फक्त मुळे खायला लावले त्यांनी नंतरच्या कोड्यांत लवकर हार मानली, म्हणून इच्छाशक्ती टाकीतल्या इंधनासारखी संपते असा सिद्धांत निघाला. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर लोकांवर, या सिद्धांताची एक ठरावीक चाचणी पुन्हा घेतली तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास आला. वाद अजून चालू आहे, पण ‘आज माझी इच्छाशक्ती संपली’ हे तूर्त तरी विज्ञानाच्या नावानं सांगू नये.

बाकी पानगळ, ढाल सगळीकडे लागू होत नाही. माझ्या टेबलावर एक अर्ज पडून आहे. पाच मिनिटांचं काम, सही करून पाठवायचा. त्यात नापास होण्याची भीती नाही की हुशारी पणाला लागलेली नाही. तरी पडून आहे. हे काय?

पानगळ

ती वेगळी जात. तिथे वाचवायला काही नाही, फक्त सुरुवात करायला कारण नाही. ‘कधीतरी’ पाठवायचा अर्ज कोणत्याच क्षणी पाठवायचा नसतो.

पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं काम त्यावर आहे. 1997 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या आदली संध्याकाळ कशी घालवली यावर टिपण लिहून 48 तासांत पाठवायला सांगितलं. ऐन सुट्टीत. ज्यांनी फक्त ‘हो, पाठवतो’ म्हटलं त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांशांनी पाठवलं. ज्यांच्याकडून कधी आणि कुठे बसून लिहिणार हेही आधी लिहून घेतलं त्यांच्यातल्या जवळपास तीन चतुर्थांशांनी. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती.

तेव्हा अर्ज कधी, कुठे बसून भरणार ते इथेच लिहा बघू.

कोडकिडा

उद्या सकाळी संगणक चालू करायच्या आधी, त्याच टेबलावर. झालं समाधान?

सरळसोट

मी सकाळी विचारणार आहे. धाक नाही, दखल.

खडूफळा

सरळसोट, शिकताय पटापट.

ढालवाल्या मुलांसाठी मी यंदा एक गोष्ट करून बघतेय. निबंधाचा पहिला मसुदा मुद्दाम वाईट लिहून आणायचा. वाक्यं अर्धी, मुद्दे विस्कळीत, खाडाखोड हवीच. नीटनेटका आणला तर परत. वर्गातला सर्वांत ‘हुशार आणि आळशी’ मुलगा, ज्याची वही मी दोन चाचण्या पाहिली नव्हती, त्यानं सगळ्यांत आधी आणून दिला. वाईट लिहायची परवानगी मिळाल्यावर त्याला टाळण्यासारखं काही उरलं नसावं.

सरळसोट

आणि दुसरा मसुदा? तो दिला का त्यानं?

खडूफळा

दिला, चार दिवस उशिरा. पहिल्यापेक्षा बराच बरा आहे, पण शेवटचा परिच्छेद घाईत उरकलाय. त्याला बोलावून तेवढंच सांगितलं, ‘हा परिच्छेद पुन्हा.’ तो म्हणाला, ‘बाई, हा पण आधी वाईट लिहून आणू का?’ आणायला सांगितलाय.